'झिंगाट' : घरांत आलेलें गाणें व दाराशीं थांबलेली गोष्ट

गाण्यास दार उघडावें लागत नाहीं. माणूस घरांत यावयाचा म्हणजे त्याचें नांव, गांव, नातें विचारलें जातें, गाणें मात्र खिडकींतून येतें, स्वयंपाकघरांत सूनबाईंच्या ओठांवर बसतें, आणि "हें कसलें बाई गाणें!" असें म्हणणाऱ्या सासूबाईंच्या पायाचा अंगठाहि नकळत हलूं लागतो. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत घरोघरीं असेंच एक गाणें शिरलें. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' चित्रपटांतील 'झिंगाट' हें तें गाणें होय. त्यास आतां बरींच वर्षें लोटलीं. तरी लग्नाची वरात असो, सोसायटींतील गणपति असो, कीं कंपनीचें वार्षिक संमेलन असो, तेथें हें गाणें लागलें नाहीं असें क्वचितच घडतें.

एका गाण्याच्या लोकप्रियतेवर मासिकाचीं इतकीं पानें खर्च करावीं काय, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर असें कीं, समाज व्यासपीठावरून काय बोलतो यापेक्षां घरांत काय गुणगुणतो, यावरून तो अधिक ओळखूं येतो. शिवाय या गाण्याच्या बाबतींत एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. ज्या कथेंत तें आलें, ती कथा जातीबाहेर प्रेम करणाऱ्या दोन कोवळ्या जीवांच्या हत्येची आहे. गाणें सर्वांच्या घरांत आलें. ती कथा मात्र बहुतेक घरांच्या दाराशींच थांबली. हें कसें झालें तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम या गाण्याचें माहेर पाहूं. पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी ओलांडून चाकणला पोंचतो. या टापूंत १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी औषधांची कंपनी स्थापन झाली. मागाहून औद्योगिक वसाहती वाढल्या, आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी आणि पिंपरी-चिंचवडांत टेल्कोच्या मालमोटारी तयार होऊं लागल्या, आणि या शतकांत तर कांद्याच्या बाजारासाठीं ठाऊक असलेल्या चाकणच्या माळावर जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहिले. हाच रस्ता पुढें राजगुरुनगर, मंचर, नारायणगांव असा जातो. चाकणच्या अलीकडे उजवीकडे वळलें कीं आळंदी, आणि नारायणगांवाहून डावीकडे वळलें कीं जुन्नर. आळंदीस ज्ञानोबामाउलींच्या समाधीपुढें वर्षभर टाळमृदंगाचा गजर चालतो. नारायणगांवीं तमाशाचे फड राहुट्या ठोकून बसतात, व गांवोगांवचे पंच तेथें येऊन आपल्या यात्रेची सुपारी ठरवून जातात. विठाबाई नारायणगांवकरांनीं या गांवाचें नांव महाराष्ट्रभर नेलें. एकीकडे कीर्तन, दुसरीकडे तमाशा, आणि मधल्या साऱ्या गांवांतून लग्नांचे व यात्रांचे ढोल, ताशे, हलग्या, सनया! अवघ्या वीस-पंचवीस कोसांत एवढें नादाचें ऐश्वर्य फार थोड्या मुलखांस लाभलें असेल.

'झिंगाट'चे कर्ते अजय व अतुल गोगावले हे बंधु याच मुलखांत वाढले. वडील महसूल खात्यांत नोकरीस. त्यांच्या बदल्यांमुळें आळंदी, राजगुरुनगर, जुन्नर, मंचर, शिरूर अशा गांवांतून मुलांचें बालपण गेलें. घरांत संगीताची परंपरा नव्हती, वाद्यें विकत घेण्याजोगी स्थिति नव्हती, आणि गुरूपुढें बसून रीतसर शिक्षणहि झालें नाहीं. आपल्याकडे मुलास संगीत शिकवावयाचें म्हणजे घरांत पेटी आणावयाची, शिकवणी लावावयाची आणि गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक-प्रवेशिका परीक्षांस बसवावयाचें, ही रूढ वाट. या दोघांचा वर्ग मात्र देवळांत, यात्रेंत आणि रस्त्यावर भरत होता. भजनी मंडळाचा ठेका, गोंधळ्याचें संबळ, वरातीपुढचा बँड हें जें जें कानांवर पडलें तें तें त्यांनीं सांठवून ठेविलें.

पुढें या सांठ्याचें त्यांनीं काय केलें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. २००४ सालच्या 'अगं बाई अरेच्चा!' या चित्रपटापासून त्यांचें नांव घरोघरीं झालें. २००६ सालीं 'जत्रा'मधील 'कोंबडी पळाली' या गाण्यावर महाराष्ट्र नाचला, आणि २०१२ सालीं तीच चाल 'अग्निपथ'मध्यें हिंदी शब्द लेवून 'चिकनी चमेली' म्हणून सबंध हिंदुस्थानांत गाजली. 'जोगवा'च्या संगीतास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; 'नटरंग'नें लावणी व ढोलकी पुन्हां एकदां मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत आणून बसविली. ज्या नादांस आपण 'बाहेरचे' समजत होतों, ते या दोघा भावांनीं एकामागून एक घरांत आणले, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

चित्रपटाचे दिग्दर्शक श्री. मंजुळे यांची वाट निराळी. परंतु तीहि हलगीच्या आवाजापर्यंतच येते. सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांत जेऊर हें त्यांचें गांव. वडार समाजांत जन्म, पुणें विद्यापीठांत मराठीचें उच्च शिक्षण, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह, आणि मग चित्रपट, असा त्यांचा प्रवास आहे. २०१३ सालच्या त्यांच्या 'फँड्री' चित्रपटांत जब्याचें काम करणारा मुलगा त्यांस हलगी वाजवितांना दिसला व त्यांनीं त्याची निवड केली.   हलगी हें चामड्याचें वाद्य, विस्तवावर शेकून तिचा आवाज चढवावयाचा असतो. तें वाजविणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तींतून येत, हें खेड्यांत राहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. लग्नाची मिरवणूक त्या हातांवांचून हलत नसे. पंगतीस मात्र ते हात शेवटीं, आणि वेगळे, बसत.

आतां प्रत्यक्ष गाण्याकडे वळूं. 'झिंगाट' म्हणजे झिंग चढलेला. गाणारा मुलगा प्रेमानें बेभान झाला आहे व आपली अवस्था तो सोलापूरकडील रांगड्या बोलींत सांगतो. ही भाषा काव्यशास्त्रविनोदाची नव्हे, एस. टी.च्या थांब्यावर, विहिरीच्या काठावर, कॉलेजच्या कट्ट्यावर मुलें जी बोलतात ती आहे. शब्द अजय-अतुल यांचे, चाल त्यांचीच आणि आवाजहि त्यांचाच. तो शेकलेल्या हलगीसारखा चढा व खणखणीत आहे. ठेका मिरवणुकीचा. मुखडा इतका सोपा कीं एकदां कानीं पडला म्हणजे दुसऱ्या वेळीं शंभर माणसें तो एका आवाजांत म्हणूं शकतात. हें गाणें बसून ऐकण्यासाठीं केलेलेंच नाहीं. तें पायांसाठीं केलेलें आहे. मैफलीच्या मापानें तें मोजणें म्हणजे लेझमीस सतारीचे गुण विचारण्यासारखें होईल.

येथें कोणी असें समजूं नये कीं, या संगीतकारांस याहून नाजूक कांहीं साधत नव्हतें म्हणून त्यांनीं हा गोंगाट केला. याच 'सैराट'च्या संगीतासाठीं त्यांनीं अमेरिकेंत, हॉलीवूडच्या सोनी ध्वनिमुद्रणगृहांत, पाश्चात्य वाद्यवृंद वाजविला; तेथें वाद्यवृंद मुद्रित करणारा हा पहिला भारतीय चित्रपट असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. व्हायोलिनें, बांसऱ्या, फ्रेंच हॉर्न हीं वाद्यें, ज्यांस पूर्वीं कोणी प्रवेश दिला नव्हता अशा करमाळ्याच्या उसांत व विहिरींत उतरलीं. एका खेड्यांतील कोळ्याच्या मुलाच्या मनांतील प्रेम हें एवढ्या थाटाच्या संगीतास पात्र आहे, असें जणूं संगीतकारांस सांगावयाचें होतें. त्या भव्य वाद्यवृंदाच्या शेजारीं त्यांनीं 'झिंगाट' ठेविलें, तें समजून-उमजून ठेविलें.

आणि चित्रपटांत तें कोठें येतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. अर्ची ही गांवच्या बड्या पाटलाची मुलगी. पर्श्या हा मासे धरून पोट भरणाऱ्या कुटुंबांतला. पाटलांच्या घरीं धाकट्या मुलाच्या वाढदिवसाचा समारंभ चालू आहे. गांव जमला आहे, पर्श्या व त्याचे मित्र नाचत आहेत, अर्चीहि नाचत आहे. तेवढ्या वेळापुरतें अंगण सर्वांचें झालें आहे. त्याच रात्रीं हीं दोघें एकत्र सांपडतात, आणि तेथून पुढें मारहाण, पळापळ, गुंडांचा पाठलाग, आणि अखेर हैदराबादच्या झोपडवस्तींतील कष्टाचा संसार. म्हणजे 'झिंगाट' हा या कथेंतील आनंदाचा प्रारंभ नसून शेवट आहे. ज्या अंगणांत पर्श्याला नाचूं दिलें, त्याच अंगणानें त्याला जांवई म्हणून नाकारलें. नाचण्यास जात आड आली नाहीं, लग्नास आली.

चित्रपटाचा शेवट ज्यांनीं पाहिला आहे, ते तो विसरले नसतील. संसार मार्गीं लागला आहे, मूल चालूं लागलें आहे, आणि एके दिवशीं अर्चीचा भाऊ व नातलग माहेरच्या भेटवस्तु घेऊन दारीं येतात. ती त्यांस चहा करून देते. पुढें काय घडतें हें त्या लहानग्याच्या डोळ्यांनीं आपण पाहतों; आणि त्या वेळीं पडद्यावर कसलाहि आवाज नसतो. ज्या चित्रपटानें आपल्याला नाचविलें, तोच चित्रपट शेवटीं सर्व वाद्यें, सर्व शब्द काढून घेतो.

२९ एप्रिल २०१६ या दिवशीं 'सैराट' प्रदर्शित झाला. गाणीं त्याआधींच लोकांच्या तोंडीं झालीं होतीं. चित्रपटगृहांत 'झिंगाट' सुरू होतांच प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यापुढच्या मोकळ्या जागेंत नाचूं लागले. कांहीं गांवीं लोकांच्या गर्दीमुळें मध्यरात्रीं खेळ लावावे लागले. शंभर कोटींची मजल गांठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याचा गवगवा झाला. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत या गाण्याचें स्वागत विशेष जिव्हाळ्याचें झालें, यांत नवल नाहीं. २०११ च्या शिरगणतींत सतरा लाखांवर गेलेली ही वस्ती बहुतांशीं बाहेरून आलेल्या माणसांची आहे. सोलापूर, लातूर, बीड, धाराशिव या बाजूंनीं आलेलीं मुलें भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पाळीवर उभीं राहतात. त्यांस हें गाणें म्हणजे गांवाकडून आलेलें पत्रच वाटलें. आणि १९७२ नंतर वसलेल्या निगडी प्राधिकरणाच्या शांत बंगल्यांतून, जेथें पुण्याच्या पेठांतून आलेलीं अनेक सुशिक्षित कुटुंबें राहतात, तेथेंहि नातवंडांनीं स्नेहसंमेलनांत याच गाण्यावर नाच बसविले, आणि आजीआजोबांनीं कौतुकानें टाळ्या वाजविल्या.

विरोधाचे सूर उमटले नाहींत असें नाहीं. भाषा अशिष्ट, संगीत कर्कश, शाळकरी वयांतील प्रेमाचें उदात्तीकरण, असे आक्षेप घेतले गेले. यांतील गोंगाटाचा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु तो गाण्यावरचा नसून ध्वनिवर्धकावरचा आहे. रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिवर्धक नसावा, हा नियम २००० सालापासूनचा आहे, आणि २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तो उचलून धरला. भिंतीएवढे कर्णे लावून भजन वाजविलें तरी आजाऱ्यास व अभ्यास करणाऱ्या मुलास त्रास व्हावयाचा तो होणारच. अशिष्टतेचा आक्षेप मात्र आम्हांस तितकासा पटत नाहीं. बोली ही अशिष्ट नसते; ती कोणाच्या घरची आहे एवढाच काय तो प्रश्न असतो.

असे आक्षेप आपल्या घराण्यांतून नेहमींच निघाले, आणि कालांतरानें विरून गेले. पेशवाईच्या अखेरीस होनाजी व बाळा ही तमाशाची जोडी गाजत होती. होनाजी गवळी, बाळा शिंपी. तमाशा हें त्या काळीं सभ्य बायकामुलांनीं पाहण्याचें ठिकाण नव्हे. परंतु होनाजीची 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी पुढें देवघरांतील पहांटेची भूपाळी झाली, आणि १९५१ सालीं शांतारामबापूंच्या 'अमर भूपाळी'नें तिला चिरंजीव केलें. सोंवळ्यांत असलेल्या आजीबाईंनीं ती नित्य म्हटली. ती एका तमाशगिराची आहे, हें त्यांतील कितीजणींस ठाऊक होतें कोण जाणे. गाणें देवघरांत गेलें. गाणाराच्या जातीच्या मनुष्यास मात्र ओटीवरून आंत येण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं. गीत स्वीकारणें सोपें, गीतकार स्वीकारणें कठीण, हा आपला जुनाच अनुभव आहे.

'झिंगाट'च्या बाबतींत तोच अनुभव पुन्हां आला. २०१७ सालीं 'सैराट'ची कानडी आवृत्ति 'मनसु मल्लिगे' या नांवानें निघाली. २०१८ सालीं हिंदींत 'धडक' निघाला. 'धडक'मध्यें कथा उदयपुरास गेली, वेष झगझगीत झाले, आणि 'झिंगाट'ची चाल हिंदी शब्दांसह तशीच ठेवण्यांत आली. परंतु मूळ कथेचा कणा जो जातिभेद, तो तेथें इतका पुसट झाला कीं अनेक समीक्षकांनीं त्याबद्दल नाराजी दर्शविली. चाल घेतली व जात वगळली. दोष केवळ हिंदी निर्मात्यांस देऊन चालणार नाहीं. वरातींत हें गाणें लावतांना आपणहि तेंच करीत असतों. ज्या वरातीपुढें तें वाजतें, ती वरात बहुधा पत्रिका, गोत्र आणि पोटजात जुळवूनच निघालेली असते.

चित्रपटांतील शेवट अतिरंजित आहे, असें म्हणावयासहि जागा नाहीं. २०१३ च्या पहिल्याच दिवशीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत सोनई येथें तीन दलित तरुणांची हत्या झाली. मुळाशीं एक जातीबाहेरचें प्रेमप्रकरण होतें. एप्रिल २०१४ मध्यें त्याच जिल्ह्यांत खर्डा येथें सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा जीव गेला. वरच्या जातीच्या मुलीशीं त्याचें बोलणें हें कारण सांगितलें गेलें. त्या खटल्यांत साक्षीदार उलटले, आणि २०१७ सालीं आरोपी सुटले. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहांत कुटुंबास किंवा जातपंचायतीस आड येण्याचा अधिकार नाहीं असें स्पष्ट बजावून पोलिसांस कर्तव्यें नेमून दिलीं. कायदा तर विशेष विवाहाच्या रूपानें १९५४ पासून आपल्या हातीं आहेच. तरीहि २०११-१२ सालच्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणांत आंतरजातीय विवाहांचें प्रमाण शेंकडा पांचच्या आसपासच आढळलें. म्हणजे शंभर वरातींत या गाण्यावर नाचावें, आणि त्यांतल्या पांचांतच त्या गाण्याचा अर्थ असावा!

"आमच्या घरांत कोणी कोयता उचलीत नाहीं," असें आमचे वाचक म्हणतील, आणि तें खरें आहे. सुशिक्षित घरांची रीत निराळी असते. तेथें आवाज चढत नाहीं; उलट तो बंद होतो. मुलीनें आपल्या मनांतील नांव सांगितलें कीं वडील वर्तमानपत्र उघडतात, आई देवघरांत जाते, आणि काकू "लोक काय म्हणतील" एवढेंच म्हणून भांडीं आवरूं लागतात. लग्न झालेंच, तर तिच्याविषयींचें बोलणें थांबतें. मंगळागौरीच्या यादींतून तिचें नांव गळतें, आणि नातवंडाचें तोंड फोटोंतच पाहिलें जातें. हा अबोला रक्त सांडीत नाहीं हें मान्य; परंतु ज्या मुलीस तो सोसावा लागतो, तिला त्याची धार विचारावी.

आणि हा प्रश्न दूरच्या करमाळ्याचा राहिलेला नाहीं. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या या पट्ट्यांत आपलीं मुलेंमुली ज्या कंपन्यांत जातात, तेथें आडनांवांच्या ओळी लागत नाहींत. एकाच यंत्रावर, एकाच टेबलाशीं, एकाच कंपनीच्या बसमध्यें निरनिराळ्या जातींचीं मुलें वर्षानुवर्षें शेजारीं बसतात. परस्परांचे डबे खातात, आजारपणांत धांवून जातात. त्यांतून एकादी ओळख आयुष्याच्या गांठीपर्यंत गेली तर तिला आश्चर्य कसें म्हणावें? आपल्या आजोबांच्या काळीं कोकणस्थ-देशस्थ विवाहसुद्धां घरांत वादळ उठवीत असे. आज त्याचा कोणी उल्लेखहि करीत नाहीं. जें एकदां अशक्य वाटलें, तें दोन पिढ्यांत इतकें साधें झालें. मग पुढची पायरी चढावयास तितकाच काळ कां लागावा?

आमचें सांगणें एवढेंच. येत्या लग्नसराईंत हें गाणें लागेल, आणि लागावें. आजीबाईंनींहि दोन पावलें टाकण्यास हरकत नाहीं. परंतु घरांतील कोणी मुलगा किंवा मुलगी आपल्या निवडीचें नांव घेऊन समोर येईल, त्या दिवशीं त्या नांवाची जात विचारण्यापूर्वीं त्या माणसास चहास बोलवावें. त्याचें शिक्षण, स्वभाव, कष्टाळूपणा, व्यसन, घरची माणसें यांची चौकशी वडीलधाऱ्यांनीं अवश्य करावी. तो त्यांचा अधिकारच आहे. मुलें वयांत आलेलीं नसतील तर थांबा म्हणावें, शिक्षण पुरें करा म्हणावें. नकार द्यावयाचा झाल्यास तोहि या कारणांवर द्यावा, आणि तोंडावर द्यावा. बोलणें मात्र बंद करूं नये. रुसलेल्या घराशीं समेट होतो. गप्प झालेल्या घराशीं तो कसा व्हावा?